लिटरला अठरा

निरगुड्यांच्या फ्रिजवर एक करारनामा चिकटवलेला होता. मजकूर असा: "पांढरी आठशे मोटार, सन १९९६, हिने येत्या रविवारच्या नाशिक-पिंपळगाव-नाशिक फेरीत लिटरला अठरा किलोमीटरपेक्षा कमी ॲव्हरेज दिल्यास तिच्या कागदपत्रांचे नूतनीकरण न करता तिला भंगारात देण्यात येईल. कोणाचीही कसलीही सबब ऐकून घेतली जाणार नाही." खाली तीन सह्या होत्या. पहिली मुलाची, सार्थकची. दुसरी बायकोची, उज्वलाबाईंची. तिसरी खुद्द नाथाभाऊंची. सबबीचं वाक्यही नाथाभाऊंचंच होतं. रागाच्या भरात माणूस स्वतःविरुद्धसुद्धा फार चांगलं लिहितो.

राग यायला कारण होतं. "बाबा, तेरा," सार्थक मोबाइलवर भागाकार करून म्हणाला होता. "एवढं तर भाजीचा टेम्पोही देतो."

"टेम्पोत आणि माझ्या गाडीत फरक आहे."

"आहे ना. टेम्पो धक्का न मारता चालू होतो."

नाथाभाऊ हातातला घास ताटात ठेवून उठले आणि कागद घेऊन बसले. याच गाडीतून त्यांनी सार्थकला दवाखान्यातून घरी आणलं होतं, तेव्हा तो तीन किलो दोनशे ग्रॅम होता आणि काही बोलत नव्हता. याच गाडीनं ते दर रविवारी पिंपळगाव बसवंतला थोरल्या बहिणीकडे, सिंधूअक्काकडे जात. लॉकडाऊन सोडला तर अक्काकडे जाण्यात त्यांनी सव्वीस वर्षं एकही रविवार चुकवला नव्हता. महिनाअखेरीस गाडीच्या कागदपत्रांची मुदत संपत होती, आणि गाडी गेली की रविवारी सार्थकला विचारावं लागलं असतं, "सोडतोस का रे?" हे वाक्य नाथाभाऊंनी मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिलं. ते त्यांच्या घशाखाली उतरेना.

आता मुख्य अडचण अशी की नाथाभाऊ एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. कुठंतरी काहीतरी कमी भरतंय म्हटल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे, कोण चोरतंय?

पहिला संशय अर्थातच पेट्रोल पंपावर. हिरावाडीच्या कोपऱ्यावरच्या पंपाचे मॅनेजर रविराज यांनी पांढरी आठशे वळताना पाहिली आणि कुणी काही म्हणायच्या आत पाच लिटरचं शिक्क्याचं माप बाहेर आणून ठेवलं.

"काका, या आठवड्यातली तिसरी वेळ आहे."

"ग्राहकाचा हक्क आहे तो."

"आहेच हो. पण ते माप आता तुमची गाडी आली की आपोआप बाहेर येईल असं वाटायला लागलंय."

पेट्रोल मापात पडलं आणि बरोबर रेषेवर थांबलं. नाथाभाऊंनी वाकून आधी उजवा डोळा मिटून पाहिलं, मग डावा मिटून पाहिलं. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. माप बरोबर निघालं याचा त्यांना जो संताप आला, तो चोरी सापडली असती तरी आला नसता. चोरी सापडली की निदान नोटीस काढता येते.

पंप सुटला, म्हणजे चोर गाडीतच होता. नाथाभाऊ द्वारका चौकाजवळ ललितच्या गॅरेजवर गेले. ललितनं बॉनेट उघडलं, मान तिरपी करून इंजिन ऐकलं आणि एका काळ्या गोल डब्यावर बोट ठेवलं.

"काका, तुमचा डेल्को सरकलाय. टायमिंग गेलंय. म्हणून पेट्रोल खाते."

"समजेल असं सांग."

"हा डबा प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवतो. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडायला पाहिजे. उशिरा पडली तर अर्धं पेट्रोल सायलेन्सरात जाऊन जळतं. लय आधी पडली तर इंजिन किटकिट करतं. डबा थोडा इकडं-तिकडं फिरवायचा, झालं काम."

"थोडा म्हणजे किती?"

"अंदाजानं."

नाथाभाऊंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर हा शब्द उच्चारलेल्या प्रत्येक दुकानदाराचा काटा त्यांनी जप्त केला होता. "अरे, इंजिन आहे का खिचडी?"

"काका, कानाला कळतं."

"तुझ्या कानावर शिक्का आहे का? दरवर्षी तपासून घेतोस का तो कान?"

ललितनं कान चाचपून पाहिला. दहा वर्षं त्या कानानं त्याचं घर चालवलं होतं, पण शिक्का काही नव्हता. तोवर नाथाभाऊंनी बॉनेट आपटून बंद केलं होतं. जे काम अंदाजानं होतं ते मोजून जास्त चांगलं होणार, यात त्यांना शंका नव्हती. सायंकाळी त्यांनी थोरल्या लेकीच्या मुलीच्या, आरोहीच्या कंपासपेटीतून कोनमापक काढून घेतला. आरोहीचा भूमितीचा पेपर दुसऱ्या दिवशी होता, पण नाथाभाऊंचा त्याच्याही आधी होता.

बुधवारी सकाळी त्यांनी पार्किंगमध्ये शास्त्रशुद्ध काम सुरू केलं. आधी गाडी हलकी केली. पायाखालचे मॅट काढले, साडेतीन किलो. जॅक काढला, तीन किलो. रक्षापात्र, तुटलेला वायपर, २००३ सालचा रस्त्यांचा नकाशा आणि सीटखाली सापडलेली एक चप्पल मिळून सव्वा किलो. प्रत्येक वस्तू बाथरूमच्या काट्यावर ठेवून त्यांनी वजन भिंतीवर खडूनं लिहिलं. डॅशबोर्डवरच्या गणपतीला सूट दिली. डिकीतल्या कांद्याच्या दोन पोत्यांना त्यांनी हातच लावला नाही. ती पोती अक्कानं दिली होती, आणि बहिणीनं दिलेलं वजनात धरायचं नाही ही त्यांच्या आईची शिकवण होती. साऱ्या जिल्ह्यातल्या मालाचं वजन तपासणाऱ्या माणसानं ती एका बाबतीत कसोशीनं पाळली होती.

तसंही डिकी ही उज्वलाबाईंची कांद्याची चाळ होती. फ्लॅटमध्ये कांद्याला हवा लागत नाही म्हणून पोती डिकीतच राहत आणि आठवडाभर गाडीबरोबर गावभर हिंडत. त्यातूनच इमारतीतल्या आठही घरांना "अक्कांचा कांदा" जाई. मोसमात द्राक्षंही जात. उज्वलाबाई सोसायटीच्या अध्यक्षा बिनविरोध निवडून आल्या होत्या, आणि त्या निवडणुकीत भाषणाची गरज पडली नव्हती.

तर, गाडी पावणेआठ किलोंनी हलकी झाली. मग नाथाभाऊंनी डेल्कोचा बोल्ट ढिला केला, कोनमापक टेकवला, आठ अंश मोजले आणि डबा फिरवला. आठ अंश अगदी बरोबर होते. फक्त दिशा उलटी होती.

हे त्यांना द्वारकेच्या चौकात कळलं. सिग्नल सुटला, त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी पुढे जाण्याऐवजी तिनं सायलेन्सरमधून असा बार काढला की पुलाखालची सगळी कबुतरं एकदम उडाली. लगेच दुसरा बार. मग तिसरा.

मागच्या टेम्पोत एक बँड पथक लग्नाला निघालेलं होतं. बँडवाल्याला आयुष्यात एकच गोष्ट पक्की ठाऊक असते. फटाके वाजले की वाजवायला लागायचं. क्लॅरिनेटनं सूर धरला, ताशानं उचललं, आणि टेम्पोच्या फाळक्यावर बसूनच पथकानं झकास सुरुवात केली. शेजारच्या रिक्षातून दोन जण उतरून नाचू लागले. कुणाचं लग्न, हे आधी विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

वाहतूक हवालदार शिट्टी वाजवत आला. "काका, वरातीची परवानगी दाखवा."

"ही वरात नाही!" नाथाभाऊ ओरडले. गाडीनं चौथा बार काढला. नाचणाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या.

"मग नवरदेव कुठाय?"

"नवरदेव नाहीच आहे!"

"नवरदेव नसताना काढली?" हवालदारानं डायरी उघडता उघडता थांबून त्यांच्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "काका, घरचं कुणी सोबत आहे का?"

"अहो, टायमिंग बिघडलंय माझं!"

"ते दिसतंयच. भर अकराला द्वारकेवर कोण वरात आणतं?"

बँडमास्तर खाली उतरून काचेशी आला. "साहेब, इथंच वाजवायचं का हॉलपर्यंत?" नाथाभाऊंनी त्याला एकतीस वर्षांच्या सेवेचा दाखला देऊन सांगितलं की आपला कुठल्याही हॉलशी संबंध नाही. त्यानं ते नम्रपणे ऐकून घेतलं आणि पथकाला खूण केली, "हॉलपर्यंत!" शेवटी हवालदारानंच सगळ्यांना मिळून गाडीला धक्का मारायला लावला. नाथाभाऊ घरी पोचले तेव्हा त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. तो कुणी घातला, हे त्यांना आजतागायत माहीत नाही.

"हे काय?" उज्वलाबाईंनी विचारलं.

"चाचणी," नाथाभाऊ म्हणाले आणि हार गणपतीला घालायला परत खाली गेले.

आता दिशा कळली होती. गुरुवारी त्यांनी डबा दुसऱ्या बाजूला फिरवला. आठ अंश भरपाईचे, आठ मूळचे, आणि चार अंश सार्थकच्या त्या टेम्पोच्या वाक्याबद्दल.

रविवारी सकाळी गाडी चालू झाली ती सार्थक आणि वॉचमन यांनी ढकलल्यावर. इंजिनातून पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या हलवल्यासारखा आवाज येत होता.

"बाबा, हे किटकिटतंय."

"तो कामाचा आवाज आहे. तुम्हा लोकांना कामाचा आवाज ओळखू येत नाही."

पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली, रविराजनं आकडा लिहून दिला, आणि गाडी आग्रा रोडला लागली. खरं सांगायचं तर ती पळत होती. डिकी रिकामी होती, आठवड्याचे कांदे वाटून संपले होते. पण नाथाभाऊंनी सगळं श्रेय कोनमापकाला दिलं. आडगावजवळ एका ट्रॅक्टरमागे त्यांनी पाय जरासा सैल सोडला आणि गाडी बंद पडली. चावी फिरवली तर स्टार्टर अर्धा फिरून उलटा झटका मारी, जणू कुणी आतून दार ढकलून धरलंय. चार द्राक्ष-मजुरांनी ढकलल्यावर ती एकदाची सुरू झाली, आणि नाथाभाऊंनी तिथल्या तिथं निश्चय केला. आता पुन्हा पंपावर पोचेपर्यंत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा नाही आणि चावीला हात लावायचा नाही.

पिंपळगावला सिंधूअक्का ओट्यावर उभीच होती. आत शेवभाजी झाली होती, भाकरी तव्यावर होती.

"उतर की नाथा. भाकरी निवती."

"उतरता येत नाही अक्का. पाय काढला की गाडी बंद पडते."

"मग पडू दे. घरीच आलाय ना?"

"पुन्हा चालू होत नाही."

"ट्रॅक्टर हाय आपल्याकडं. ओढून देऊ पार नाशकापर्यंत."

"ओढलेलं अंतर ॲव्हरेजमध्ये धरता येत नाही!"

अक्कानं हे वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं. तिला त्यात काही सापडलं नाही. एवढ्यात दोन गडी पाठीवर एकेक पोतं घेऊन गाडीच्या मागे येऊन उभे राहिले. दर रविवारी राहत तसेच.

"मामा, चावी द्या. डिकी उघडायची."

डिकी उघडायची चावी आणि गाडीची चावी एकच होती. नाथाभाऊंनी चावीपुढे पंजा आडवा धरला. "चावी काढता येणार नाही. काढली की गाडी बंद."

गडी पोत्यांसकट अक्काकडे बघायला लागले. इंजिन किटकिटत होतं. शेडमध्ये द्राक्षं भरणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

"म्हंजी?" अक्का ओट्यावरून खाली आली. "भावाला कांदा द्यायचा तर आता मशिनीला विचारू का?"

"अक्का, पुढच्या रविवारी दुप्पट दे."

"मागायला आलास का? अन् मी काय भीक घालती? आई गेल्यापासून या दारातून तुझी गाडी एक डाव तरी रिकामी गेली का?"

"नाही."

"लॉकडाऊनात गेली?"

"तेव्हा दूधवाल्याच्या गाडीनं पाठवलेस."

"अन् आज तू दारात येऊन घरात पाय ठिवत नाय. वर हॉर्नवर हात!" हॉर्नवर हात होता हे खरं होतं, पण तो आधारासाठी होता. "ठिवा रे पोती खाली! ज्या भावाला बहिणीकडं बसाया टाइम नाय, त्याला कांदा कशाला?"

पोती धप्पकन खाली टेकली. नाथाभाऊंचा सगळा जीव मात्र उजव्या पायात होता. अक्का आत गेली. नाथाभाऊंना वाटलं आता ती येत नाही. ती आली, तांब्या घेऊन, आणि खिडकीतून पुढे केला.

"पाणी तरी पी. का त्येबी धरतोस वजनात?"

नाथाभाऊ एका पायावर गाडी तोलून तांब्याभर पाणी प्याले. इतकं थंड आणि इतकं जड पाणी ते आयुष्यात प्याले नव्हते.

परतीच्या वाटेवर ते स्वतःशीच भांडत आले. आपली चूक काय? कराराचं पालन करणं ही चूक? अक्काला काय कळतं टायमिंगमधलं? मग ते सार्थकवर चिडले, मग ललितवर, मग ट्रॅक्टर बनवणाऱ्या सगळ्यांवर. ओझर मागे पडलं, आडगाव मागे पडलं, आणि संतापाच्या भरात त्यांचा पाय एकदाही हलला नाही, त्यामुळे गाडी फार एकसारखी चालली.

पंपावर त्यांनी चावी काढली. रविराजनं टाकी गळ्यापर्यंत भरली. बासष्ट किलोमीटर. तीन लिटर आणि दोनशे मिलिलिटर. नाथाभाऊंनी पावतीच्या पाठीवर भागाकार केला, ताळा केला, परत केला.

"एकोणीस पूर्णांक चार!"

रविराजनं त्यांना मिठी मारली. त्या मिठीत आनंदापेक्षा सुटका जास्त होती. गाडी अर्थातच चालू झाली नाही, म्हणून पंपावरच्या सगळ्यांनी ती हौसेनं घरापर्यंत ढकलत नेली. आत नाथाभाऊ पावती खिडकीबाहेर धरून बसले होते.

इमारतीच्या फाटकात उज्वलाबाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे सात घरांतल्या सात जणी, सात पिशव्या घेऊन. रविवार होता.

"एकोणीस पूर्णांक चार!" नाथाभाऊ गर्जले.

"बरं," उज्वलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातून चावी घेऊन डिकी उघडली. आत काहीच नव्हतं. जॅकही नव्हता. कोपऱ्यात एक कांद्याचं साल तेवढं होतं, ते वाऱ्यानं उडालं.

"कांदे?"

"लिटरला एकोणीस पूर्णांक..."

"अहो, कांदे?"

नाथाभाऊंनी सांगितलं. पाय, चावी, डिकी, अक्का, तांब्या. सगळं क्रमानं सांगितलं, जसं ते पंचनाम्यात लिहायचे. त्यांचं संपलं तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या मंगलाबाईंनी पिशवीची घडी घातली.

"अध्यक्षबाई," त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, "पाण्याच्या टाकीचा विषय राहिलाय ना? त्यासाठी मीटिंग लावा एकदा. बरंच बोलायचंय."

सातही पिशव्यांच्या घड्या झाल्या. उज्वलाबाई वर गेल्या. अक्काला फोन लावला. अर्धा तास फक्त "हो अक्का", "नाही हो अक्का", "मी बघते त्यांच्याकडे" एवढंच ऐकू येत होतं. मग फ्रिजवरचा कागद फाटल्याचा आवाज आला.

नाथाभाऊ धावत आत गेले. "करार आहे तो! आणि मी जिंकलोय!"

"जिंकलात ना? मग हा वाचा."

फ्रिजवर नवा कागद लागला होता. अक्षर उज्वलाबाईंचं. "यापुढे गाडीने लिटरला तेराच्या वर एक किलोमीटर जरी दिला, तर ती त्याच दिवशी भंगारात जाईल. दर रविवारी अक्कांकडे गाडी बंद करून, चावी काढून, उतरून, जेवून यायचे. कोणाचीही कसलीही सबब ऐकून घेतली जाणार नाही." खाली सार्थकची सही आधीच झालेली होती.

"तू पण?" नाथाभाऊ म्हणाले.

"बाबा, तेरा काही वाईट नाही," सार्थक मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला. "टेम्पोएवढं आहे."

सोमवारी सकाळी गॅरेज उघडायच्या आधीच नाथाभाऊ ललितच्या दाराशी उभे होते. गाडी टो करून आणली होती. डॅशबोर्डवरचा गणपती झेंडूच्या सुकलेल्या हारात बसून सगळं पाहत होता.

"ललित," नाथाभाऊ दात आवळून म्हणाले, "ॲव्हरेज कमी करून दे."

ललितनं हातातला पाना खाली ठेवला. "काका, बसा. पाणी आणू?"

"पाणी नको, काल प्यायलोय! हे बघ. चावी निघाली पाहिजे. बंद केली की पुन्हा चालू झाली पाहिजे. आणि डिकीत दोन पोती टाकली की तेराच्या वर जाता कामा नये."

ललितनं बॉनेट उघडलं. डेल्कोकडे पाहिलं, मग नाथाभाऊंकडे पाहिलं, मग पुन्हा डेल्कोकडे. "बापरे. किती मागं घेऊ, काका?"

नाथाभाऊंनी खिशातला कोनमापक काढला. तो थोडा वेळ उजेडात धरला. आरोहीला भूमितीत बारा मार्क कमी पडले होते, ते त्यांना आठवलं. त्यांनी कोनमापक परत खिशात ठेवला, रस्त्याकडे तोंड फिरवलं, आणि एकतीस वर्षांच्या सेवेत आणि त्यानंतरच्या पाच वर्षांत जो शब्द त्यांच्या ओठांवर कधी आला नव्हता, तो कडू काढ्यासारखा तोंडाबाहेर टाकला.

"अंदाजानं."